चेण्यातली बिनआवाजाची हळद

१९ जानेवारी, सोमवार

स्टीलच्या भांड्यांच्या कंपनीचं जेवण छान पार पडलं. मोजके डीलर, एक लांब टेबल, मालकाच्या शेजारी त्यांचा सगळ्यात जुना कारागीर बसवला. मालक म्हणाले, "बेन, घर जैसा लगा." एवढं ऐकायला मिळावं म्हणूनच मी समारंभांची मोठी कामं घेत नाही. आमच्या इंद्रलोक कॉलनीतल्या बायका विचारतात, "तुझं ऑफिस कुठे?" ऑफिस माझ्या पिशवीत.

दुपारी घोडबंदरजवळच्या, हायवेलगतच्या चेणे गावातून फोन. मुलीचं नाव प्राजक्ता (यापुढे प्रा.). "मॅडम, तुम्ही छोटी लग्नं करता ना? मला साठ माणसांत करायचंय. घरच्या अंगणात. आणि आवाज अजिबात नको."

मी गृहीत धरलं, डीजे नको म्हणतेय. बऱ्याच मुली म्हणतात आणि शेवटी बापाचं मन मोडवत नाही. त्यात हे आगरी घर. आगऱ्यांची हळद आणि आवाज नको? फोन ठेवून हसले. परवा बघायला जायचंय.

२१ जानेवारी, बुधवार

हसू तिथेच विरलं.

प्रा.ची आई, सुनंदाकाकू. डोक्यात गाठ होती. दिवाळीआधी एक ऑपरेशन झालं, दुसरं मार्चमध्ये. मधल्या काळात मोठा आवाज झाला की फिट येते. संक्रांतीला स्वयंपाकघरात पातेलं पडलं तर काकू तिथेच कोसळल्या. प्रा. हे सगळं माझ्याशी कुजबुजत बोलत होती. त्या घरात आता सगळेच तसं बोलतात. दाराच्या कड्यांना चिंध्या बांधल्यात.

लग्न मार्चच्या आधी का, ते मी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. काकू अंगणातल्या आंब्याखाली खुर्चीत होत्या. डोक्याला स्कार्फ. माझा हात धरून एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मना... हलद... बगाचीय."

प्रा. सांगत होती, गावात कुणाचीही हळद असली की पहिली नाचायला उतरायची ती हीच. हिच्याशिवाय हळदीला रंग चढायचा नाही.

काम घेतलं. हळद २१ फेब्रुवारी, लग्न २२ ला.

२७ जानेवारी, मंगळवार

आज बसून विचार केला की लग्नात आवाज कशाकशाचा होतो. विचार करता करता घाबरले. खुर्च्या ओढल्याचा. मांडवाला खिळे ठोकल्याचा. जनरेटर, कुकर, डाव, चमचे, भटजींचा माइक, फटाके. टाळ्यासुद्धा! लग्न पाहावं करून म्हणतात. मी एवढी केली, पण ते कानाने कधी पाहिलं नव्हतं.

जिग्नेशभाईंना (डेकोरेशन) सांगितलं, खिळा नको, मांडव काथ्याने बांधायचा. साउंड नाही. "मतलब छोटा स्पीकर?" "मतलब नहीं." ते म्हणाले, "बेन, आ लगन छे के मौनव्रत?"

कारण सांगितल्यावर मात्र म्हणाले, खुर्च्यांच्या पायांना मी स्वतः मऊ फेल्ट लावून आणतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

डोकं फिरलंय.

काशिनाथकाका, म्हणजे प्रा.चे वडील. ठरलं होतं साठ माणसं. सख्खे भाऊ, मामाकडचे, मुलाकडचे नाशिकचे. बस्स. आज सहज विचारलं, "काका, आमंत्रणं झाली?" काका जमिनीकडे बघायला लागले.

झालं असं. भावाकडे अक्षता द्यायला निघाले. वाटेत म्हातऱ्या चुलतीचं घर. ती दारातच बसलेली. तिला ओलांडून कसं जायचं? मग तिच्या शेजारचे. मग त्यांच्या समोरचे. संध्याकाळपर्यंत गाव संपलं. आणि प्रत्येक घरी चूलबंद आमंत्रण! म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही.

"काका, अहो, काकूंचं काय?"

"मना कलतंय ओ मॅडम. पन अक्षतांना हात फुरं केला त्यांनी. मंग कसा न्हाय बोलाचा?"

मी म्हटलं, बरं, मग एकेका घरी फोन करून विचारू, किती जण येणार. काका माझ्याकडे बघतच राहिले. "गावान असा इचारत न्हाय. लोकांचं घास मोजल्यावानी व्हतं."

प्रा. आत जाऊन रडली. मीही रिक्षात रडले, रागाने. सहाशे माणूस त्या अंगणात! अशाने काकू आपल्याच मुलीच्या हळदीला हॉस्पिटलात असतील.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रा.ला सुचवलं, घोडबंदरच्या बाजूला खाडीकाठी एक छोटं लॉन आहे, गावाला न सांगता तिथे करू. प्रा. तयार झाली. काकू नाही. मान हलवून नाही, मग हाताने उंबऱ्यावर थापटून नाही. लेकीला हळद लागणार ती याच दारात.

म्हणून आज गावदेवीच्या देवळापुढे गेले. रविवारी सकाळी माणसं असतात तिथे. पाठ करून गेले होते, तरी त-त-प-प झालं. एवढंच बोलले की सुनंदाकाकूंना आवाज सहन होत नाही, गर्दी सहन होत नाही, तुम्ही मनात राग धरू नका, पण...

"पण"च्या पुढे जमेना. घरी येऊ नका असं कुणाच्या तोंडावर कसं म्हणायचं? काकांवर उगाच चिडले होते.

धवलारीण हिराबाई बसल्या होत्या. लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, त्याच म्हणतात. त्यांच्या गाण्याशिवाय इथे हळद लागत नाही. शेवटी त्या उठल्या. "घरा जा बाय. आमी बगताव."

"बघतो" याचा अर्थ या धंद्यात मला चांगला ठाऊक आहे. बघतो म्हणजे नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुद्दाम गेले होते. काकूंच्या घराच्या मागच्या आळीत एका मुलाची हळद. काकूंना आजच्यापुरतं बहिणीकडे घोडबंदरला नेऊन ठेवलं होतं.

बाप रे! गावचा डीजेवाला दिनेश, त्याच्या बॉक्सची भिंत घराएवढी. आवाज कानात येतच नव्हता, सरळ छातीत वाजत होता. सत्तरीच्या आज्या नाचत होत्या. एकीने मला ओढलं, मीही नाचले. खोटं कशाला बोलू, मजा आली. दिनेशला गाठून म्हटलं, "पुढच्या शनिवारी प्लीज." तो ओरडून म्हणाला, "काय?" मी परत म्हटलं. त्याला ऐकूच आलं नाही.

पुढच्या शनिवारी हेच गाव, हीच माणसं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मांडव उभा. हातोडीचा एक घाव नाही. पत्रावळी, लाकडी डाव, रांधायची जागा दोन घरं सोडून. फुलांत फक्त झेंडू आणि आंब्याची डहाळी. हळद रात्री न करता दुपारी चारला. काकूंच्या डॉक्टरांचा नंबर, गाडी दारात.

गावाकडून काहीही निरोप नाही. प्रा. विचारते, "काय होईल?" मी म्हणते, "सगळं छान होईल." हे वाक्य मी प्रत्येक नवरीला म्हणते. आज म्हणताना तिच्याकडे बघवलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हात अजून पिवळे आहेत. लिहायलाच हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

चारला थोडा वेळ होता. साठ माणसं येऊन बसलेली, काकू आंब्याखाली, प्रा. पाटावर. मी फाटकाशी. तर देवळाच्या बाजूने पिवळं काहीतरी हललं. साड्या. बायकांची रांग, वळणापलीकडे अजून बायका, त्यांच्या मागे पुरुष. अख्खं गाव.

मी धावले अडवायला. सगळ्यात पुढे हिराबाई. त्यांनी माझा हात बाजूला केला, हळूच, आणि पुढे गेल्या. तेव्हा माझं लक्ष गेलं. आवाज नव्हता. एवढी माणसं चालत होती आणि आवाज नव्हता. सगळी अनवाणी. चपला देवळापाशीच काढलेल्या. बायकांच्या मनगटांवर रुमाल गुंडाळलेले, कुणी ओढणीचा तुकडा, कुणी बाळाचा लंगोट. आधी कळेना. मग कळलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून. काढायच्या तर नाहीत, सवाष्णींच्या बांगड्या. म्हणून बांधल्या होत्या.

हे त्यांना कुणी सांगितलं? मी तर नाही. मला सुचलंच नव्हतं.

एकेक आळी आत यायची. पाच-सहा जणी पुढे, बाकीच्या फाटकाबाहेर थांबलेल्या. आंब्याच्या पानाने प्रा.ला हळद लावायची, मग काकूंपुढे वाकायचं, त्यांच्या पायाला, हाताला एक बोट हळद लावायची आणि मागच्या दाराने बाहेर. पुरुष नुसते हात जोडून जात होते. काकू प्रत्येकीकडे बघत होत्या. ओठ हलत होते. मला वाटतं, नावं घेत होत्या.

हिराबाई काकूंच्या खुर्चीशी वाकल्या, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि धवले सुरू केले. गाणं म्हणावं की श्वास म्हणावं! मी हात-दोन हातांवर होते, शब्द कळले नाहीत. काकूंचे डोळे मिटले होते, मान हलत होती. मी या धंद्यात आल्यापासून कितीतरी महागडे गायक आणलेत. असं काही ऐकलं नव्हतं.

मध्येच एका आईच्या कडेवरचं पोर रडलं. टाहोच फोडला. सगळं अंगण जागच्या जागी थिजलं. मी गाडीकडे बघितलं. काकू दचकल्या, खुर्चीचा दांडा घट्ट धरला. धरून राहिल्या. मग त्यांनी तो हात सोडवला आणि पुढे केला, "आन." पोर मांडीवर घेतलं. ते त्यांच्या स्कार्फशी खेळायला लागलं.

हायवेचे हॉर्न का ऐकू येत नाहीत म्हणून बाहेर गेले. वळणावर दिनेश डीजेवाला आणि त्याच्या हाताखालची पोरं, हातात लाल फडकी, ट्रकवाल्यांपुढे हात जोडत होती. "हॉर्न मत मारो भाई, आई बीमार है." सगळी दुपार उन्हात उभी होती पोरं.

मला काही कामच नव्हतं. फाटकाला टेकून उभी राहिले आणि बघत राहिले. माणसं असंही करू शकतात, एवढंच मनात येत होतं.

शेवटची आळी गेली. मग लक्षात आलं, कुणीच जेवलं नाही. एकानेही पाणी घेतलं नाही. काकांना ते सोसेना. रस्त्यात जाऊन हिराबाईंना हात जोडले. आवाज दाबून बोलत होते. "बोलावला मी चूलबंद. न जेवता माझे दारातशी गाव चाललाय. मी तोंड कसा दाखवू?"

हिराबाई म्हणाल्या, "चुली पेटवल्या आमी घरा. जेवलाव." मग काकांचा हात धरून म्हणाल्या, "आमचा जेवान तुझ्याव उधार हाय. सुनंदा उठून वाढल तवा जेवू."

२२ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. माणसं साठच. मंगलाष्टका भटजींनी माइकशिवाय म्हटल्या. टाळ्यांच्या जागी सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. जिग्नेशभाई मागे उभे राहून डोळे पुसत होते. मला म्हणाले, "आंख में धूल गयी." काकू पूर्ण वेळ बसल्या. पाठवणीला मात्र उभ्या राहिल्या, काकांच्या आधाराने.

सुंदर झालं. फोटो छान येतील. पण माझं मन अजून कालच्या दुपारीच आहे.

२ मार्च, सोमवार

एका सॉफ्टवेअर कंपनीची मीटिंग. वीस जणांचं डिनर हवंय, "समथिंग अनफर्गेटेबल". धुराचं मशीन, लाइटचा बोगदा वगैरे विचारत होते. मी हो-हो करून नोंदवून घेतलं. त्यांची काय चूक? त्यांनी ते बघितलेलं नाही.

नवरा म्हणाला, किती वेळा सांगशील तीच गोष्ट? म्हटलं, अजून एकदा.

९ मार्च, सोमवार

उद्या काकूंचं ऑपरेशन. आज ॲडमिट केलं. डॉक्टर प्रा.ला म्हणाले, मागच्यापेक्षा अवघड आहे, आत्ताच काही सांगता येणार नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. मला वाटलं, काही लागत असेल. तर म्हणाले, "मॅडम, एक काम लिवून ठेवा. गावजेवण. सगला गाव. तारीक मंग सांगतंव."

वहीत लिहिलं आणि म्हटलं, "हो काका, ठेवते."

"थांबा, सुनंदाला बोलाचाय."

बराच वेळ नुसता श्वास. मग काकूंचा तो तुटक आवाज, एकेक शब्द शोधून काढलेला. "वाढाला... मी."

"हो काकू. तुम्हीच."

"आन... दिनेशला सांग. डीजे." पुन्हा थांबल्या. मी वाट बघत राहिले. "मोठा."

फोन ठेवल्यावर दिनेशला केला. त्याने विचारलं, तारीख कोणती? म्हटलं, तारीख नाही. तो म्हणाला, "चालंल. त्यांच्यासाठी कदीपन." उद्या सकाळी आठला त्यांना आत नेणार आहेत.