ओ न देणाऱ्या माणसाचं निदान

१६ ऑगस्ट १९९७, शनिवार

सर्टिफिकेट आलं. दिल्लीहून, रजिस्टर टपालाने. ‘उपयोजित मानसशास्त्र, सहामाही अभ्यासक्रम’. भाग पहिला निदान, भाग दुसरा जाहिरात. म्हणजे आधी माणसाला काय झालंय ते ओळखायचं, मग ते त्यालाही पटवायचं. श्री. कुंदन सुकलाल बोरसे, दोन्हीत पास.

पोस्टमन दार ठोकून ठोकून दमला म्हणे. मी आतच होतो. शेवटी सही रमीलाबेनने केली. रमीलाबेन म्हणजे शेजारीण, आमची तिची भिंत एकच. पाकीट हातात देताना ती काहीतरी पुटपुटली. मत्सर, दुसरं काय.

सुरतेत लोक फार पुटपुटतात. अमळनेरला माणसं मोकळं बोलायची. इथे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो तेव्हा इथलीही बरी बोलायची. पण वर्षागणिक सगळे तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. शहरी गंड. यावर पुढेमागे पुस्तक लिहिता येईल.

संकल्प. दिवाळीपर्यंत इथेच बमरोलीत स्वतःचं सल्ला केंद्र, घराच्या पुढच्या खोलीत. रोज एका माणसाचं निदान. बायकोवर, म्हणजे जयश्रीवर, न चिडणे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

धनसुखशेठने मला लूमवरून काढून कापडाच्या ताक्यांच्या गोदामात बसवलं. त्याचं म्हणणं (हातवाऱ्यांवरून) असं की मागून कोणी बोंबललं तरी मी वळत नाही, एखाद दिवशी मशीनमध्ये हात जाईल. खरं कारण मला ठाऊक आहे. हुशार नोकर मालकाला डोळ्यासमोर नको असतो. पुस्तकात याला नाव आहे. पान सापडलं की लिहीन.

फायदाच झाला. गोदामात निवांत वाचन.

जयश्रीवर चिडलो. तो तसा संकल्प नव्हताच, सदिच्छा होती.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिला पेशंट! धुडकू. आमच्याच कारखान्यात लूम चालवतो. त्याची बायको शोभाबाई त्याला हाताला धरून घेऊन आली. तिची तक्रार तिने जयश्रीला सांगितली, जयश्रीने मला ओरडून सांगितली. धुडकू हाक मारली तर ओ देत नाही, काही विचारलं तर नुसता हसतो.

चांगला तासभर तपासलं. मी प्रश्न विचारले, तो काहीबाही बोलला, दोघांनी मान डोलावली. फार छान संवाद झाला. कच्चा माणूस शब्दांच्या मागे धावतो. मी चेहरा वाचतो.

निदान: वैवाहिक थकवा. उपाय: रोज सकाळी आरशात बघून स्वतःला शाबासकी देणे. शोभाबाईने कपाळाला हात लावला. बाईमाणूस भारावून गेलं.

ती दोघं गेल्यावर जयश्री म्हणाली, धुडकूभाऊंना जे झालंय तेच तुम्हाला झालंय, कान दाखवा. याला प्रक्षेपण म्हणतात. स्वतःचा दोष समोरच्यावर ढकलायचा. हिचं स्वतःचं बोलणं धड नाही. एक तर पुटपुटते, नाहीतर किंचाळते. मधलं काही येतच नाही तिला. अस्थिर स्वभाव.

३ सप्टेंबर, बुधवार

प्रियांकाच्या बालमंदिरातून बोलावणं. पोरगी पाच वर्षांची, फाडफाड गुजराती बोलते. बाई म्हणाल्या, ही वर्गात ओरडूनच बोलते, बाकीची पोरं दचकतात. घरी कोणाशी ओरडून बोलावं लागतं का, असं त्यांनी विचारलं. (जयश्रीने घरी आल्यावर दोनदा सांगितलं, म्हणून कळलं.) तेव्हा जयश्री माझ्याकडे बघत होती. मी बाईंकडे बघून हसत होतो.

निदान: नेतृत्वगुण. घसा आईचा.

१४ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस. पण शास्त्रीय दृष्टीने बघितलं पाहिजे.

जयश्री भाजीला गेली होती. प्रियांका बाहेर खेळत होती. मला जाहिरातीचा मजकूर लिहायचा होता, एकाग्रता हवी म्हणून आतून कडी लावली. रमीलाबेनच्या दाराला कुलूप होतं. लिहिण्यात छान तंद्री लागली. एकदम डोक्यावर पाणी. मागे बघतो तर खिडकीच्या गजांतून जयश्रीने बाहेरच्या पिंपातून तांब्या भरून माझ्यावर ओतला होता.

प्रियांका मघापासून दार वाजवत होती म्हणे. आधी हाताने, मग दगडाने. हाका मारल्या, रडली, उन्हात तशीच उभी राहिली. फ्रॉक ओला केला. दाराचा रंग खालच्या बाजूला उडालाय, तो दगडाचा.

निदान: विरहभय. पाच वर्षांच्या मुलांत आढळतं. पुस्तकात आहे. मी ते पान काढून जयश्रीला दाखवायला गेलो. तिने पुस्तक मिटलं, माझी हनुवटी हातात धरली आणि हळूहळू बोलली. एकेक शब्द समजला.

“तुमले ऐकू येत नही. दिवाळीना आत कानना डॉक्टरकडे चला. नही तर मी पोरले लिसन अमळनेरले जास. तठेच शाळेत घालसू.”

संताप आला की ती अहिराणीवर येते. पोरीला घेऊन अमळनेरला जायची ही धमकी म्हणजे लक्ष वेधून घेण्याची धडपड. दुर्लक्ष हाच उपाय.

मजकूर भिजला. पुन्हा लिहावा लागणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्रियांका मला हाक मारत नाही. काही हवं असलं की शर्ट ओढते. रमीलाबेनशी दिवसभर बोलते, गल्लीतल्या बकरीशी बोलते. माझ्यापाशी आली की तोंड मिटतं आणि हात शर्टाकडे जातो.

निदान: आदर.

हे निदान मला स्वतःलाच पटलं नाही. खोडायचं होतं, पेनाने लिहिलंय. बरं वाटत नाही, एवढंच.

२८ सप्टेंबर, रविवार

आता भाग दुसरा, जाहिरात. पुस्तक सांगतं, आधी भीती जागी करा, मग उपाय विका. हँडबिल छापायचं ठरलं. पण लक्षणं कोणती लिहायची? धुडकूची थोडी होती. मग म्हटलं सामान्य गृहिणीचं मत घ्यावं. जयश्रीला विचारलं, संसारात ज्याच्याबरोबर राहणं कठीण असा माणूस कसा असतो, सांग.

काय सांगू! बाई धुणं टाकून समोर येऊन बसली. एरवी माझ्या कामात काडीचा रस नाही, पण आज थांबेचना. माझ्या तोंडाकडे बघून, मोठ्याने, एकेक वाक्य. मी भराभर उतरवून घेतलं. डोळे भरून आले होते तिचे. कोणाचं वर्णन करत होती कोण जाणे. बहुधा तिचा भाऊ सुकदेव. तो आहेच तसला.

मजकूर असा:

‘सावधान! हा माणूस तुमच्या घरात आहे का? हाक मारली तर ओ देत नाही. टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारी भिंत ठोकतात. सगळे पुटपुटतात अशी तक्रार करतो. न समजता मान डोलावतो, भलत्या वेळी हसतो. लेकरं त्याच्याशी बोलायची थांबली आहेत. तो वाईट नाही. हा आजार आहे. लाजू नका, उशीर करू नका. आजच तज्ज्ञाला दाखवा!’

‘तो वाईट नाही’ हे वाक्य जयश्रीचं. मी काढणार होतो, तिने काढू दिलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

हँडबिलं वाटली. पेपरमध्ये घालून बमरोली, पांडेसरा, थेट कोसाडपर्यंत. खाली नाव-पत्ता मुद्दाम घातलेला नाही. छापखानेवाला दोनदा विचारत होता, पत्ता कुठाय, पत्ता कुठाय. त्याला काय कळतंय. पहिल्या पत्रकाने तहान लावायची, दुसऱ्या पत्रकात पाणी दाखवायचं. नाव दुसऱ्यात येणार. लोक तोवर तडफडले पाहिजेत.

नवरात्र चालू आहे. यंदा गरब्याचे स्पीकर फारच हळू. मंडळाला सुबुद्धी सुचली. जयश्री कानांत कापूस घालून बसली होती. नाटकीपणा.

१२ ऑक्टोबर, रविवार

हँडबिल तुफान चाललंय. गल्लीच्या नळावर बायका वाचतात, एकमेकींना दाखवतात. आज सकाळी सात-आठ बायका नवऱ्यांना मनगटाला धरून रिक्षात कोंबताना बघितल्या. कुठे नेतात कळत नाही. बहुधा मलाच शोधतायत. दया आली, पण हाक मारली नाही. मोह आवरणं हाच जाहिरातीचा आत्मा.

धुडकू भेटला. खिशात छोटा रेडिओ आणि त्याची वायर कानात. कारखान्यात गाणी ऐकतोस का, म्हणून दटावलं. तो हसला. पण हे हसणं वेगळं होतं, विचारल्यावर लगेच हसला. आरशाच्या उपायाला यश. नोंद घेतली.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुसरं पत्रक छापून आलं, गठ्ठा पुढच्या खोलीत. ‘तो तज्ज्ञ तुमच्याच गल्लीत! श्री. कुंदन बोरसे.’ नाव ठसठशीत.

आणि शेजारी जयश्रीची बॅग. भरलेली. प्रियांकाचं दप्तरही त्यात. मी म्हटलं, दिवाळीला वेळ आहे अजून. तिने पहिलं हँडबिल माझ्यासमोर धरलं आणि एकेका वाक्यावर बोट ठेवत गेली. ओ देत नाही. टीव्ही. मान डोलावतो. लेकरं बोलायची थांबली, इथे बोट थांबलं.

प्रतिवाद करायला तोंड उघडलं. पण मजकूर इतका पक्का लिहिलाय की कुठूनही शिरायला जागा नाही. लाजू नका, उशीर करू नका, हे वाचून मलाच घाम फुटला. च्यायला, चांगलं लिहिलंय.

डॉक्टरकडे जायचं ठरवलं. पेशंट म्हणून नाही. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास म्हणून.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कानाचा डॉक्टर, रिंग रोडला. आत शिरलो आणि जागीच थबकलो. बाकांवर सगळं बमरोली आणि पांडेसरा बसलेलं. सगळे लूमवाले. प्रत्येकाशेजारी बायको, प्रत्येकीच्या हातात घडी घातलेलं माझं हँडबिल. मला शोधतेय असं वाटलं होतं ती गर्दी इथे होती.

मला एका पेटीसारख्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा. आवाज येईना. मशीन बंद आहे म्हणून काचेवर टकटक केली. बाहेरून डॉक्टरने खूण केली, मशीन चालू आहे. जयश्री काचेतून बघत होती. तिचा चेहरा मला वाचता आला. आला नसता तर बरं झालं असतं.

डॉक्टरने कागदावर लिहून दिलं. लूमच्या खडखडाटाने कान गेलेत. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते वाचवता येईल, यंत्र लावावं लागेल. मग एक यंत्र ट्रायलला माझ्या कानात घातलं, टेबलावरचं हँडबिल उचललं आणि जयश्रीला म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी न पुटपुटता बोललं:

“ज्याने कोणी हे लिहिलंय ना, त्याला या आजारातलं सगळं ठाऊक आहे. फक्त आमचा पत्ता छापायला विसरला.”

जयश्रीने माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरने हँडबिल वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. मग विचारलं, आणखी छापाल का, पत्त्यासकट? दवाखाना दुप्पट चाललाय म्हणे.

भाग दुसरा: पास. भाग पहिल्याबद्दल आज काही लिहिण्याची इच्छा नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

यंत्र खिशात, वायर कानात. रेडिओच दिसतो. धुडकूला दटावलं होतं ते आठवलं.

सुरतेतली माणसं एकदम स्पष्ट बोलायला लागली आहेत. टीव्ही हळू केला तर रमीलाबेन धावत आली, घरात सगळं ठीक ना बघायला. जयश्रीचा आवाज हळू आहे. लग्नातही असाच होता बहुतेक. विसरलो होतो. बॅग अजून तिथेच आहे, पण दप्तर त्यातून बाहेर आलंय.

दुसऱ्या पत्रकांचा गठ्ठा प्रियांकाला दिला. मागची बाजू कोरी आहे, चित्रं काढायला होते.

दुपारी ती शर्ट ओढत आली. मला टेबलापाशी बसवलं, हातात पेन दिलं, कडी लावली होती त्या दिवशी बसलो होतो तसं. मग बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. दणदण दार वाजलं. पाठोपाठ आवाज आला, “पप्पा, संभळाय छे?”

येतंय ऐकू, म्हटलं. पुन्हा वाजवलं, जरा हळू. येतंय. आणखी हळू. येतंय. ती दर वेळी विचारत होती, मी दर वेळी सांगत होतो. तिचा आवाजही हळूहळू खाली आला. आता ओरडत नव्हती.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. यंत्राचं बटण पूर्ण फिरवलं, तरी नाही. उठलो आणि दार उघडलं. एका बोटाने वाजवत उभी होती.