सात नंबरच्या कुंडीतली स्ट्रॉबेरी

६ जानेवारी, सोम.
सात नंबरच्या कुंडीतली फळं तोडून आज सहावा दिवस. अजून टणक! शेजारच्या साध्या रोपांच्या फळांचा तिसऱ्याच दिवशी लगदा. म्हणजे जमलं. पिकताना फळाच्या पेशीभित्तिकेतलं पेक्टिन कापणारं एन्झाइम, पेक्टेट लायेज. त्याचं जनुक दाबलं नि फळ मऊ पडायचं थांबलं. बारा कुंड्यांतली एक तरी पावली. चार वर्षं.
सरांनी फळ दोन बोटांत धरून दाबलं, पुन्हा दाबलं. "स्नेहल, हा तुझा थिसिस."
घरी, तिसगावला फोन. पप्पा फोनवरच प्रार्थना करायला लागले.

९ जाने., गुरु.
काहीतरी चुकतंय. सात नंबरच्या फळातून आरएनए काढून मोजला. दाबलेलं जनुक जोरात चालू. साध्या रोपाइतकंच. मग फळ टणक कसं? रसायनं बदलून पुन्हा केलं. तेच.

१० जाने., शुक्र.
सर उलट खूश. "म्हणजे कारण दुसरंच आहे. फळ मऊ करणारी बाकीची प्रथिनं बघ, सेल्युलेज, एक्स्पान्सिन. याहून मोठं काहीतरी निघेल." परिषदेला सारांश पाठवूनही टाकला, माझ्या नावाने. मी मान हलवली.

१३ जाने., सोम.
सेल्युलेजमध्ये फरक नाही. एक्स्पान्सिनमध्येही नाही. जेवले नाही. शेवटी आधीच करायला हवं होतं ते केलं. जनुक दाबायला आम्ही घातलेला डीएनएचा तुकडा या रोपात आहे का, तेच तपासलं. तुकडा असला तर जेलवर पट्टी उमटते; पट्टी नाही. पाच पानं, पाचही रिकामी.
सप्टेंबरात याच कुंडीच्या पानात पट्टी होती. वहीत फोटो आहे, खाली माझी सही. रोपातून असं काही उडून जातं का? वेड लागायची वेळ.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
मंदाबाई तिळगूळ घेऊन आल्या. हरितगृहात पाणी घालायला असतात, रोजंदारीवर. मी सात नंबरसमोर बसलेली. सहज विचारलं, "मंदाबाई, या कुंडीला मधे काही झालं होतं का हो?"
त्यांच्या हातातली पुडी तशीच राहिली.
"ताई, आक्टोबरात तुमी पप्पांच्या आपरेशनला गावाला गेल्ता न्हाई का? तवा कूलर बंद पडला. दोन दिस. हे रोप वाळून गेलं. लई जीव लावला हुता तुमी. म्हनलं, आल्यावर रडत बसतील. पलीकडच्या वाफ्यातल्या रोपाचा मुळं फुटलेला रनर आनून लावला. सारखाच तर दिसत हुता."
पलीकडे महाबळेश्वरहून आणलेली जात. तिची फळं मुळातच टणक.
"काय वंगाळ झालं का ताई?"
नाही म्हणाले. का म्हणाले?

१५ जाने., बुध.
अंथरुणातून उठवत नाही. मंदाबाईंचा राग करून बघितला, येत नाही. गावाहून आल्यावर रोपं पुन्हा तपासायचा नियम. मी नुसती कुंडीवरची पाटी वाचली आणि 'ठीक' लिहिलं. बाकीच्या अकरा कुंड्या तरी खऱ्या कशावरून?
गप्प बसता येईल. कुणाला कळणार...
हे मी लिहिलं?

१७ जाने., शुक्र.
सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"रोप बदललं कुणी?"
"नोंद माझी होती सर. तपासायचं काम माझं होतं."
"मी कुणी ते विचारलं."
मी नाव घेतलं नाही. सर म्हणाले, "मग परिषदेला मी काय कळवू? माझ्याकडे रोपं आपोआप बदलतात?" आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.
आईला फोन लावून सगळं सांगितलं. ती नुसती "हां बाई, हां" करत राहिली.

२० जाने., सोम.
अकराही कुंड्यांची पानं तोडली. मंदाबाई पिशव्या धरून उभ्या. त्यांच्या कानावर गेलंय सगळं.
"मीच जाते सायबाकडं. सांगते."
"कामावरून काढतील तुम्हाला."
"काढूद्यात. खुरपायला जाईन. पन तुमचं शिक्षान?"
मी पानं मोजत राहिले. मोजणी तीनदा चुकली.

२१ जाने., मंगळ.
सकाळी अकरा नमुने जेलवर लावले. पट्ट्या दिसायला अजून अर्धा तास. हरितगृहात गेले तर मंदाबाई नाहीत. शोधलं. सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसल्यात, इस्त्रीचं लुगडं नेसून. परत चला म्हटलं, हलायला तयार नाहीत. मग मीही बसले. हे तिथेच लिहितेय.
"तुमी मधे बोलू नगा," म्हणाल्या.
सर जिना चढतायत. मंदाबाई उठल्या, वही मिटतेय, मीही त्यांच्याबरोबर आत जातेय.