गावातलं मरण वर, दिल्ली खाली

बाबा, तिच्या बापानं माझ्या हातातलं डस्टर हिसकावून घेतलं आणि चौकातला आपला फळा स्वतः पुसला, त्या सकाळपासून माझं सगळं बदललं. वर्ष त्याआधीही वाईटच चाललं होतं, देशाचं आणि माझंही. पण तोवर मला वाटायचं की देशाचं देशाच्या जागी आहे आणि माझं माझ्या जागी. ‘तिच्या’ म्हणजे कोणाच्या, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही तिला पाहिलं असेल ते फ्रॉकमध्ये, आपल्या दुकानात खोडरबर घ्यायला आलेली. वासाचंच पाहिजे म्हणून हटून बसायची. आता ती हिंगणघाटच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि मी तिच्यापायी किती येडा झालो आहे, हे अल्लीपुरात तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे.

फळा अजून दुकानाच्या ओट्यावरच आहे. बातम्या हल्ली लोकांना अंथरुणातच मोबाईलवर कळतात, तरी चहाला आलेला माणूस कप हातात घेऊन फळ्यापुढं उभा राहतोच. मोबाईलवरच्या बातमीवरून तो भांडतो आणि फळ्यावरची खरी धरतो. ते तुमच्या अक्षरामुळं, आणि तुमच्या त्या एका नियमामुळं. मी चौथीत होतो. भारतानं मॅच जिंकली होती, आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातात खडू देऊन म्हणालात, आज तू लिही. मी स्टुलावर चढून सगळ्यात वर मॅच लिहिली, रंगीत खडूनं, बाजूला फुलं काढली. खाली बारीक अक्षरात, त्या रात्री वारलेल्या तेल्याच्या आजोबांचं नाव. तुम्ही तळहातानं माझी फुलं पुसली. मग म्हणालात, “त्याच्या घरचे लोक आता पान्याले निघतीन. त्याइले वर का दिसाले पाह्यजे? मॅच? गावातलं मानूस गेलं का ते वर. कोन गेलं, कुठं गेलं, कायनं गेलं. दिल्ली मंग खाली.” मी रडलो होतो. मरणापेक्षा फुलांसाठी जास्त.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. नागपूरच्या दवाखान्यातून तुम्हाला आणलं आणि सकाळी माणसं जमत असताना माझ्या लक्षात आलं की फळा कोराच आहे. मी गेलो आणि वर तुमचं नाव लिहिलं. ओळ डावीकडून उजवीकडं उतरत गेली. खाली दिल्लीचं काहीतरी लिहिलं होतं; काय, ते आज काही केल्या आठवत नाही. तेव्हापासून फळा माझ्याकडं आहे. कॉलेज मात्र ठेवता आलं नाही. दुसऱ्या वर्षाला एका पोरानं कॅन्टीनमध्ये तिच्याबद्दल घाणेरडं काहीतरी म्हटलं, मी त्याच्या तोंडावर स्टीलचा जग मारला. प्राचार्यांनी माफी लिहून दे म्हटलं. मी उठून घरी आलो. आई अजून म्हणते, चार ओळी लिहून देल्या असत्या तर तुहा हात झडला असता का.

या वर्षा-दोन वर्षांत फळ्याच्या खालच्या अर्ध्यात काय काय लिहिलं, सांगतो. सरकार पडलं. पाडणारे आमदार परराज्यातल्या हॉटेलात जाऊन बसले. पक्ष फुटला, मग दुसराही फुटला, आणि ज्यांनी एकमेकांना चोर म्हटलं होतं ते एका स्टेजवर एकमेकांना पेढे भरवू लागले. दूरच्या एका राज्यात महिनेच्या महिने गावं जळत होती आणि ती बातमी रोज लिहून लिहून मला तिची लाज वाटायची बंद झाली. रस्ते अडले, रेल्वे घसरली, चंद्रावर यान उतरलं. त्या दिवशी लोकांनी माझ्याच दुकानापुढं फटाके फोडले. आणि रोज सकाळी चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडायचं, “काय बे, आज कोनतं सरकार हाय?” चहावाला दूध ढवळत विचारायचा, “सकाळचं सांगू का दुपारचं?” सगळे हसायचे. मीही हसायचो. गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांमागं बसून राजकारणावर हसणं सोपं असतं.

तिचा बाप, मी त्याला काका म्हणतो, गावातला पक्षाचा माणूस. त्याचे मोठे नेते, साहेब, ज्या गटात गेले त्या गटात तोही गेला. रात्रीतून घरावरच्या पाटीवरचे फोटो बदलले. मे महिन्यात हिंगणघाटला साहेबांची ताकद दाखवायची सभा ठरली. तो दुकानात आला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “चाल तू बी. आपल्या घरचाच हायेस.” आपल्या घरचा! बाबा, ते दोन शब्द घेऊन मी दिवसभर हवेत होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायामाणसं भरली, त्यात बोळीतली म्हातारी होती. कापूस वेचणारी. तिला वाचता यायचं नाही, रोज सकाळी ओट्यापाशी थांबून विचारायची, “आज कोन गेलं रे बाबू?” कोणीच नाही म्हटलं की “चांगलं झालं माय” म्हणून वावरात निघून जायची. सरकारचं तिनं कधी विचारलं नाही. ट्रॅक्टर तिचा पोरगाच चालवत होता. तो काकाकडं सालदार आहे, वर्षाच्या बोलीवर राबतो.

सभेत स्टेजपुढच्या पहिल्या रांगांना मांडव होता, कूलर होते. आम्ही मागं, उघड्या मैदानात. साहेबांचं हेलिकॉप्टर येईना. पाण्याचे पाउच संपले. म्हातारी म्हणाली, मले सावलीत ने. मी तिला धरून मैदानाच्या फाटकापर्यंत आणली. फाटक बंद. साहेब गेल्याशिवाय उघडणार नाही, म्हणाला तिथला पोरगा, वरून तसं सांगतलं हाय. मी त्याला शिव्या दिल्या, फाटकावर लाथा घातल्या. म्हातारी फाटकाला टेकून बसली. तिचा घाम थांबला होता. स्टेजवरून आवाज येत होता की जनता जनार्दन आमच्या पाठीशी आहे. फाटक उघडलं तेव्हा आम्ही तिला ट्रॉलीत घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. पोरगा ट्रॅक्टर पळवत होता आणि मागं वळून विचारत होता, “पानी पेली का? पेली का माय?” मी हो म्हणत राहिलो. पाणी तिच्या ओठाबाहेर येत होतं. गाव यायच्या आधीच ती गेली. काकानं तिला तिच्याच घरात नेऊन खाटेवर ठेवायला लावलं आणि मग डॉक्टरला बोलावलं.

सकाळी मी वर लिहिलं. तिचं नाव, आणि खाली: ‘हिंगणघाट येथील सभेत उन्हानं निधन’. शेवटचा शब्द होतो न होतो तोच काका आला. “हे काय लिहून ठेवलं बे? कोन म्हनते सभेत?”

“मी होतो ना काका. माह्या मांडीवर गेली ते.”

“राहत्या घरी गेली. खाटेवर. डॉक्टरनं पाह्यलं.” डस्टर घेतलं, पुसलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुह्या बापानं इतके वर्ष फळा लिहिला, पन कोनाच्या घरावर नाई उठला.”

तुमचं नाव त्या तोंडातून आलं आणि मी त्याची कॉलर धरली. चहावाल्यानं मागून कवेत धरून मला ओढलं, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. आपल्या घरचा, म्हणे.

त्याच दुपारी दुसऱ्या गटाची पोरं आली, हार घेऊन. भाऊ, तू आमचा वाघ, चाल आमच्याकडं, मोर्चा काढू. त्यांना म्हातारीचं नावही माहीत नव्हतं. एकानं मला कानात विचारलं, “बुढीचं नाव का होतं बे?” मी हार दुकानाबाहेर फेकला. संध्याकाळी म्हातारीचा पोरगा आला. काडीपेटी घेतली, उभाच राहिला. म्हणाला, “माय घरी नाई मेली. तुले मालूम हाय, मले मालूम हाय.” मग म्हणाला, “पन मी बोललो असं सांगू नको. मले त्याच्याच वावरात जाचं हाय उद्या.”

आज म्हातारीची तेरवी. जेवण काकाकडून. आणि काल काकाची पोरगी, माझी ती, स्वतः दुकानात आली, पेपर देऊन परत येताना, पाठीवर बॅग, तोंड उन्हानं लाल. मी कूलर तिच्याकडं वळवला. ती बसली नाही.

“बाबा म्हनतात झालं गेलं. उद्या तेरवीची सूचना लिहिशील त्यात ‘राहत्या घरी’ लिही. तुह्या हातानं. लोकं तुह्या हाताचं मानतात.”

“अन् नाई लिहिलं तर?”

“लिहिलं तर दिवाळीत तुह्या आईकडं येतीन ते. लग्नाची बोलनी कराले.” ती काउंटरवरच्या बरणीचं झाकण फिरवत होती. “तुले कितीक वेळा सांगू, जग फेकून मारनं सोपं हाय. एक डाव तरी गप राहून पाह्य. माह्यासाठी.”

“तू सांग, ते कुठं मेली?”

तिनं झाकण घट्ट बसवलं. “मले मालूम हाय कुठं मेली,” ती म्हणाली. “म्हनूनच तर हात जोडून राह्यली ना.”

मग ती गेली. तिनं खरंच हात जोडले असते तर मी लिहिलं असतं का, याचा विचार मी रात्रीपासून करतो आहे. दोन शब्द. राहत्या घरी. दोन शब्दांनी कोणतं सरकार पडतं? त्या फाटकावरच्या पोरावर काही होणार नाही, साहेब परवा तिसऱ्या गटात जातील, म्हातारी परत येणार नाही. ती मात्र नवरी होऊन या घरात येईल. सकाळी ओट्यावर पाणी शिंपडेल. हे सगळं मी बाजूबाजूला मांडून पाहिलं, आणि दर वेळी मला तुम्ही म्हणालात ते मेलेल्याच्या घरातले लोक दिसले, पाण्याला निघालेले.

सभेतच लिहिणार आहे बाबा. सगळ्यात वर. पुसलं तर परत लिहीन. मात्र हे सगळं मी खऱ्यासाठीच करतो आहे असं समजू नका. त्यात तिच्या बापाची कॉलरही आहे, सोडवत नाही ती. किती खरं आणि किती कॉलर, ते मला वेगळं करता येत नाही, आणि तुम्हाला विचारावं म्हणूनच हे लिहायला बसलो होतो. पाठवणार कुठं. वहीची पानं आहेत, फाडून चुलीपाशी ठेवतो, आई पाणी तापवेल तेव्हा जळतील.

आणखी एक. उजेड झाल्यावर लगेच फळा लिहायची तुमची रीत, आज मोडली. खडू खिशात घालून तासभर इथं बसलो आहे. तिचा आज शेवटचा पेपर आहे आणि तिची बस चौकातूनच सुटते. ती उभी असताना तिच्यासमोर ते लिहायची माझी हिंमत नाही. एवढा मोठा तापट माणूस मी, बस जायची वाट पाहतो आहे.

हॉर्न वाजला. कंडक्टर दार आपटतो आहे. बस वळली, आवाज वेशीकडं गेला. आई आतून विचारते, कुठं चालला रे उपाशी? येतो म्हटलं. उठतो आता. दार बाहेरून ओढून घेतो.