विसावी सही

३ मार्च
व्हिसाचा फॉर्म आला! अठरा पानं. विमानं दुरुस्त करायला परदेशात जायचं तर त्यांना काय काय हवं असतं! दहा वर्षांतले सगळे पत्ते. लष्करी विमानाला कधी हात लावलात का? — हात लावणं म्हणजे काय, फडक्यानं पुसलेलं धरायचं का?
आणि स्वतः केलेली वीस कामं. प्रत्येकापुढे ते काम पाहणाऱ्याची सही.

४ मार्च
एकोणीस सह्या आहेत. विसावं काम — चाकाचा ब्रेक बदलला, तीन वर्षांपूर्वी — रकाना कोरा. ज्यांनी पाहिलं ते आता हयात नाहीत. दुसरं काम चालत नाही, ब्रेकचं एक हवंच. हे कोणी ठरवलं असेल? तो माणूस कधी विमानाखाली आडवा झाला असेल का?
इथला हँगर महिनाअखेर बंद होतोय. व्हिसा नाही मिळाला तर हातातला पाना कायमचा सुटला. भीती वाटते.

६ मार्च
हँगरमधल्या माझ्या जुन्या साहेबांकडे गेले. निवृत्त झालेत, पण नजर तीच. बाकीच्या सह्या त्यांच्याच. फॉर्म दोनदा वाचला.
"त्या दिवशी मी रजेवर होतो. पाहिलं नाही, सही नाही."
"पण साहेब, ते मीच केलंय हे तुम्हाला माहीत आहे ना!"
"माहीत असणं वेगळं, पाहणं वेगळं. मीच शिकवलं ना तुला?"
शिकवलं. रागातच चहा प्यायले.

७ मार्च
नवरा म्हणतो, "तूच ठोकून दे की साहेबांची सही. कोण बघतंय?" जमते का म्हणून वर्तमानपत्रावर करून पाहिली. हुबेहूब! घाबरून कागद फाडून टाकला.

९ मार्च
रकाना कोरा ठेवूनच फॉर्म दिला. व्हिसा कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी त्यावर बोट ठेवून नुसतं "हं" केलं. त्या "हं"चा अर्थ काय? दिवसभर डोकं खातंय.

१७ मार्च
अजून काहीच नाही.

२४ मार्च
व्हिसा मिळाला! कसा, ते विचारल्याशिवाय राहवेना. बाई म्हणाल्या, साहेबांना फोन केला होता. त्यांचं उत्तर फायलीत लिहून घेतलेलं — वाचून दाखवलं: "काम मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी मुलीला सोडायला विमानतळावर गेलो होतो. ब्रेक बदलल्यामुळे तिचं विमान उशिरा सुटणार होतं. आधी हँगरमध्ये फोन करून विचारलं, ब्रेक कोणी बसवला? हिचं नाव कळलं, आणि मग मुलीला त्या विमानात बसू दिलं."