सवतबाईचे दोन युनिट

ता. ९ जानेवारी

चि. वन्सं यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. फोन करू नका म्हणते त्याचा राग मानू नका. छापखान्यातल्या यंत्रांनी तीस वर्षांत माझे कान खाल्ले, फोनवर तुमचा आवाज म्हणजे नुसती खरखर. त्यापेक्षा कागद बरा.

हे गेले त्याला उद्या दीड महिना होईल. घरात आता मी आणि माझी सवत. तुमच्या दादांनी मांजर आणलं त्याच दिवशी मी हे नाव ठेवलं होतं, तेच चिकटलं. अकरा वर्षं झाली, अजून माझ्याकडे ढुंकून बघत नाही. यांच्या कापायच्या टेबलावर झोपते आणि मी खोलीत आले की तोंड भिंतीकडे करते.

मधुमेह तिला आणि जीव टांगणीला माझा. हे टोचायचे तेव्हा तिला कळायचंसुद्धा नाही, शिंप्याचाच हात तो. मी मानेमागची कातडी चिमटीत धरते आणि माझाच हात लटपटतो. परवा सुई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघाली, औषध सगळं केसांवर. पुन्हा द्यावं की काय कळेना, म्हणून दिलं नाही. ती वाडगाभर पाणी एका दमात संपवते. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालते, म्हातारीने चपला फरफटवाव्या तशी. दवाखान्यात हे शेवटचं बोलले ते तिच्याबद्दल, तिला जगव म्हणाले. माझ्याबद्दल काही नाही. असो. जगवायची तर आहेच.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी

ता. १६ जानेवारी

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

औषध सांडल्यावर पुन्हा दिलं नाहीस हे शहाणपणाचं केलंस. किती आत गेलं ते कळत नसेल तर दुसरा डोस द्यायचा नसतो. बाटली खळाखळा हलवू नकोस, तळहातांमध्ये हळू फिरव. खाणं आधी, सुई मग. सकाळी सात, संध्याकाळी सात, दोन युनिट. दादा तिला दुधात बिस्किटं कुस्करून घालायचा, ते लाड आजपासून बंद. उकडलेलं चिकन आणि अंडं, बस्स. सवतीचे लाड बंद करायला तुला जड जाणार नाही म्हणा.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते, रागावू नकोस. बावीस वर्षं मी वॉर्डात लोकांच्या गोळ्या मोजून देतेय, आणि माझ्या सख्ख्या भावाने आज बरं वाटतंय म्हणत रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. त्याने मला ते सांगितलं होतं, वहिनी. मी हसून सोडून दिलं. तेव्हा खडसावलं असतं तर आज तू एकटी नसतीस. म्हणून सांगते, बरं दिसतंय म्हणून औषध बंद, हा प्रकार त्या घरात पुन्हा होऊ द्यायचा नाही. एकही डोस चुकवू नकोस.

स्वतःच्या जेवणाकडेही लक्ष दे. लोभ ठेव आणि माझा कडकपणा पोटात घाल.

तुझी वन्सं

ता. २० फेब्रुवारी

चि. वन्सं यांस अनेक आशीर्वाद.

तुम्ही खूश व्हाल अशी बातमी आहे. सवतबाईंनी बाळसं धरलंय. पाणी बेताचं पिते. मागचे पाय सरळ झाले आणि काल तर कपाटावर उडी मारून बसली, तिथून माझ्याकडे मुकादमासारखी बघत होती. बिस्किटांसाठी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं, पण मी बधले नाही. माझा हातही आता बसलाय. चार रात्री झाल्या, माझ्या पायाशी येऊन झोपते. मी हलतच नाही, उठून जाईल म्हणून.

फक्त साखर बघायला ते कान टोचणं नको वाटतं. यंत्र हातात घेतलं की ती शिलाई मशीनमागे जाते आणि मग दिवसभर जवळ येत नाही. महिन्यापूर्वी साखर तीनशे नव्वद होती, परवा बघितली तर चौऱ्याहत्तर. एवढी कमी चालते का? दोन युनिट अजून बरोबर आहेत का? दर महिन्याला दाखवायला आणा असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण दोन बस बदलायच्या, ती टोपलीत किंचाळते आणि लोक माझ्याकडे असं बघतात की जणू मी कुणाचं पोर पळवून नेतेय. म्हणून मागच्या महिन्यात टाळलं. तुम्ही म्हणाल तसं करीन.

उत्तर लवकर टाका, लोभात खंड नको.

तुमची वहिनी

ता. २७ फेब्रुवारी

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोळे भरले. दादा असता तर गल्लीभर सांगत फिरला असता.

चौऱ्याहत्तरला घाबरू नकोस. यंत्र माणसांसाठी आहे, मांजराची साखर त्यात कमीच दिसते, डॉक्टरांनीच दादाला सांगितलं होतं. खरा आकडा शंभरच्या पुढेच असणार. औषध लागू पडतंय, दुसरं काही नाही. हीच वेळ माणसं घात करून घेण्याची असते. बरं दिसतं आणि सोडतात. मी रोज बघते. कान टोचणं नको वाटत असेल तर सोड, पण डोस सोडू नकोस. डॉक्टरांकडे जायची घाई नाही. एप्रिलमध्ये रजा घेऊन येते, तेव्हा दोघी मिळून नेऊ.

पायाशी झोपते म्हणजे सवत आता धाकटी बहीण झाली की काय? माझी जागा सांभाळून ठेव म्हणजे झालं.

तुझी वन्सं

ता. १४ मार्च

चि. वन्सं यांस अनेक आशीर्वाद.

सवत गेली. परवा सकाळी. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, कुणाचं काही चुकलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमच्या जिवाला आधीच एक घोर आहे.

मी बरी आहे. जेवते. रजा वाया घालवू नका.

लोभ असू द्या.

तुमची वहिनी

ता. २२ मार्च

ती. वहिनीस नमस्कार.

मी डॉक्टरांना फोन केला. शेवटपर्यंत लक्ष दिलंत म्हणून आभार मानावेत, एवढ्यासाठीच. मला सगळं माहीत असेल असं समजून ते बोलत गेले.

तू तिला सकाळी टॉवेलमध्ये गुंडाळून, रिक्षा करून नेलंस. ती झटके देत होती. तू हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं होतंस. साखर इतकी खाली गेली होती की त्यांच्या यंत्रावर आकडाच उमटला नाही. ते म्हणाले, मांजरांमध्ये असं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत खाणं बदललं आणि वेळच्या वेळी औषध मिळालं तर मधुमेह निघूनही जातो. मग डोस कमी करत बंद करायचा असतो. म्हणूनच दर महिन्याला बोलावलं होतं.

मला हे ठाऊक नव्हतं, वहिनी. माझ्या वॉर्डात असं कुणी बरं झालेलं मी पाहिलं नाही. तू विचारलं होतंस, आकडा लिहून विचारलं होतंस, आणि मी तुला गप्प बसवलं. दादाच्या गोळ्यांचं प्रायश्चित्त मी त्या मुक्या जिवाकडून करून घेतलं. तिला बरं तू केलंस आणि मारलं मी. आणि वर तू माझ्यासाठी खोटं बोललीस. ते नको होतं. चार शब्द सुनावले असतेस तर बरं झालं असतं.

येऊ का? नाही म्हणालीस तरी समजेन.

तुझी वन्सं

ता. ३० मार्च

चि. वन्सं यांस आशीर्वाद.

खोटं बोलले, कारण तुम्ही आधीच एका भावाला आपल्या हाताने मारल्यासारख्या वागत होतात. वर मांजर कशाला, असं वाटलं. आता कळलंच आहे तर उरलेलंही ऐका. डॉक्टरांना ते माहीत नाही.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवली नाही. चिकन हुंगून मागे सरली, चालताना जरा झोक जात होता. खाणं आधी, सुई मग, हे तुम्हीच लिहिलेलं. माझं मन नको म्हणत होतं. पण डोस सोडू नकोस हेही तुम्हीच लिहिलेलं. मी दोन्ही पत्रं काढून टेबलावर ठेवली आणि नंतरची तारीख बघितली. छापखान्यात तीस वर्षं तेच केलं, दोन कागद आले की नंतरचा खरा.

सुई भरली तोवर ती मशीनमागे गेली होती. मी हाक मारली. मला वाटलं आता ओढून काढावं लागणार. पण आली, वन्सं. हाकेला माझ्याकडे कधी आली नव्हती. त्या दिवशी आली, माझ्या मांडीवर बसली आणि मान पुढे करून दिली. मी दोन युनिट टोचले.

तुमच्यावर राग आहे. तुमच्यापेक्षा स्वतःवर जास्त आहे, पण तुमच्यावरही आहे, आणि तो कधी जाईल ते मला सांगता येत नाही. तरी या. एकटीने हे घर सोसत नाही. दोघी गप्प बसू, नाहीतरी मला कुठे ऐकू येतं.

लोभ आहे तसाच आहे. फक्त मला यापुढे काही करायला सांगू नका. मी ऐकते.

तुमची वहिनी