नखाएवढे बाबा

११ मार्च २००७
बाबांचा ऐंशीवा वाढदिवस. मित्राचा कॅमेरा आणून सगळं शूट केलं. आयुष्य तुटू नये म्हणून बाबा न तोडता लांबच लांब नूडल्स ओढत होते, तेही घेतलं. फाइल गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर, कॅमेरा परत.

बाबांचा खोकला वाढलाय. मेल्यावर अंगावर घालायच्या कपड्यांचं गाठोडं त्यांनी स्वतःच उन्हात टाकलं. म्हणाले, स्टुडिओत नेऊन, मी गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो काढून ठेव. म्हटलं, व्हिडिओत सेकंदाला पंचवीस फोटो असतात, हवा तो निवडू. ओळखपत्रावरचा मात्र नको म्हणे, त्यात मी चोर दिसतो. लावलास तर भिंतीवरून खाली उतरेन.

२ एप्रिल
डिस्क फुल. गिऱ्हाइकांच्या खिशातल्या व्हिडिओ प्लेयरमध्ये सिनेमे भरून देण्याचा धंदा, जागा लागतेच. बाबांची फाइल अवाढव्य. छोट्या प्लेयरना चालतो त्या एएमव्ही फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट केली, चिमूटभर झाली. मूळ फाइल उडवली. अख्ख्या शेनझेनमध्ये इतकी शिस्तशीर डिस्क कुणाची नसेल.

२० एप्रिल
वाढदिवसाचा व्हिडिओ भरून बाबांना प्लेयर भेट दिला. पडदा काडेपेटीएवढा. बराच वेळ बघून म्हणाले, यात मला डोळे नाहीत.
चष्म्याचा नंबर वाढलाय. शनिवारी नेईन.
हुइफेनताई म्हणाली, वेनबिन, चष्मा राहू दे, आधी स्टुडिओत ने. ताईला टेक्नॉलॉजी कळत नाही.

६ मे
शनिवार हुकला. गाळ्यावर गर्दी.
बाबा रोज प्लेयर लावून बसतात. आता म्हणतात, तोंडही गेलंय. बॅटरी उतरली असेल.
जेवण निम्म्यावर आलंय. उन्हाळा.

१९ मे
बाबा सकाळपासून चांगला कोट घालून दारात बसलेले. मला नवीन माल उतरवून घ्यायचा होता. म्हटलं, स्टुडिओत उद्या नक्की. त्यांनी कोट काढला नाही.

२० मे
बाबा गेले. कोटातच.

२१ मे
व्हिडिओ आहे, काळजी नाही. स्टुडिओवाल्याकडून त्यातली एक फ्रेम मोठी करून घेतली. पिवळट चौकोन, मध्ये दोन करडे चौकोन. त्याने विचारलं, यातले वडील कुठले? मी बोट ठेवलं. तो म्हणाला, साहेब, ती नूडल्सची वाटी आहे.

ताई म्हणाली, मूळ फाइल दे. डिस्कच्या शिस्तीविषयी सविस्तर सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिनेच उठून बाबांच्या खणातून ओळखपत्र काढून आणलं.

२३ मे
चोर भिंतीवर. नातेवाईक येऊन समोर वाकून गेले. फ्रेम छान दिसते. खिळा मी स्वतः ठोकलाय, हलायचा नाही.

२६ मे, दुपार
गाळ्यावरून जेवायला आलो. फ्रेम भिंतीवर नाही. खाली, माझ्या खुर्चीत उभी, पाठीला टेकून. काच शाबूत. ताईला फोन केला. ती म्हणाली, मी तर कालच गावी आले, खिळा ढिला असेल.
तसंच असणार. नवीन, लांब खिळा आणेन. पुढच्या शनिवारी.
जेवलो उभ्यानेच. ओळखपत्राच्या फोटोचं एक मात्र मानायला हवं. डोळे अगदी स्पष्ट आहेत.