प्रार्थनेचा विषय

रविवार, २ मार्च

ती. वन्संना,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

तुम्ही शिवलेला झगा मिळाला. खांद्यात बरोबर बसतो, पण कमरेत माझ्यासारखी आणखी एक मावेल. नुसत्या अंदाजाने कात्री चालवता आणि वर मलाच बारकी म्हणून चिडवता!

खरं लिहायचं आहे ते वेगळंच. बाळ जन्मतःच गेलं त्याला पाच महिने झाले, आणि तेव्हापासून तुमच्या भावाचं देवळात पाऊल नाही. पूर्वी गाणी म्हणायला सगळ्यांच्या पुढे असायचे. आता रविवारी मी चला म्हटलं की एखादी चावी घेऊन कानस घासत बसतात. तीन आठवड्यांपूर्वी जेवताना मी प्रार्थना सुरू केली, तर भरल्या ताटावरून उठले, गादीची वळकटी केली आणि गेले. आता दुकानातच झोपतात. मी डबा नेऊन देते, तो धुऊन परत पाठवतात, चिठ्ठी ना चपाटी.

त्यात त्यांना एका जहाजावर दुरुस्तीचं काम चालून आलंय. दोन वर्षांचा करार, जहाज एकोणतीस तारखेला सुटणार. सही अजून केलेली नाही. कुणीतरी थांबवावं म्हणून खोळंबलेत असं मला वाटतं. एकदा गेले तर परत यायचे नाहीत, हे माझं मन मला सांगतंय.

वन्सं, हे तुमच्या पोटात राहू द्या. त्यांना बभ्रा अजिबात खपत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

लोभ आहे तो आटू देऊ नये, एवढंच मागणं.

तुमची,
बारकी

---

गुरुवार, ६ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

आधी डोळे पूस. ठोक्याला मी पाळण्यातून ओळखते. लहानपणी रुसला की टेबलाखाली जाऊन बसायचा, हातोडीने फरशी ठोकत राहायचा, आणि भुकेची वेळ झाली की आपसूक बाहेर यायचा. म्हणून तर ठोक्या नाव पडलं. हेही तसंच आहे. देव त्याला बाहेर काढेल.

तुझी गोष्ट माझ्या पोटातच आहे, शपथ घ्यायला सांग. फक्त काल बायकांच्या सभेत प्रार्थनेचा विषय म्हणून ठेवली, तीही नाव न घेता. एवढंच म्हटलं की एक चावीवाला भाऊ आहे, बाळ गेल्यामुळे देवावर रुसलाय, बायकोला सोडून दुकानात झोपतो. अगं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी! पाळकबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की असं ओझं वाहायला तुमच्यासारखंच मन लागतं. शुक्रवारी सगळ्या मिळून उपास धरणार आहोत.

आमच्या गादीवाल्या काकू पुढच्या आठवड्यात तिकडे मुलीकडे यायच्या आहेत. त्यांना म्हटलंय, सहज डोकावून या. बाई मोठी प्रेमळ आहे.

लोभ आहेच, वर माझा उपासही आहे. काळजी नसावी.

तुझी,
वन्सं

---

शनिवार, १५ मार्च

वन्संना सलाम.

नाव घेतलं नाहीत म्हणे! तुम्हाला चावीवाले भाऊ आहेत तरी किती?

तुमच्या काकू माझ्याकडे आल्याच नाहीत, थेट दुकानात गेल्या. भर दुपारी, चार गिऱ्हाइकं उभी असताना, ट्रंकेचं कुलूप त्यांच्यापुढे ठेवलं आणि मोठ्याने म्हणाल्या की भाऊ, घरी जा, देवावर असं रुसू नये, आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी उपास धरलाय. त्यांनी काकूंना चावी करून दिली, दुकान बंद केलं आणि घरी आले. जिन्यात पाऊल वाजलं तेव्हा मी वेडी आनंदले. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं की तू कुणाला सांगितलंस. मी म्हटलं, फक्त वन्संना. तेव्हा ते हसले. म्हणाले की मग दवंडीच पिटलीस. त्याच संध्याकाळी करारावर सही करून आले.

आता ऐकाच. बाळाच्या मातीच्या दिवशी तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून देवाची इच्छा म्हणालात, आणि लगेच पाहुण्यांच्या चहाकडे वळलात. ते वाक्य त्यांच्या कानातून गेलेलंच नाही. मी प्रार्थनेला हात जोडले की त्यांना तुमचाच आवाज ऐकू येतो, असं ते मला एकदा म्हणाले होते. मी तुम्हाला कळवलं नाही, तुम्हाला लागेल म्हणून. मूर्ख मी!

आता एकच उपकार करा. माझ्यासाठी प्रार्थना करू नका.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

बारकी

---

गुरुवार, २० मार्च

चि. सौ. बारकीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र वाचून आधी मी तुझ्यावरच भडकले. भल्याचं जगच नाही म्हणत दिवसभर मशीन बडवलं आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडून बसले. मी काय वाईट चिंतलं होतं, हेच घोकत होते.

काल सभा होती. पाळकबाईंनी विचारलं की चावीवाल्या भावाचं पुढे काय झालं. सगळ्या माझ्याकडे वळल्या, विणकाम थांबलं. आणि सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. त्याची सही, तुझा राग, जहाजाची तारीख. बारके, मला गंमत वाटली गं! तुमचं घर मोडतंय आणि मला सांगायला नवीन मिळालं म्हणून माझी जीभ वळवळत होती. मी म्हटलं की आज त्याचा विषय नाही, माझ्या जिभेसाठी प्रार्थना करा. दोघीतिघी हसल्या. गादीवाल्या काकू हसल्या नाहीत.

इतकी वर्षं मला वाटायचं की मी प्रार्थनेत वाढतेय. वाढत होती ती माझी ऐट. देवाच्या पुढ्यात बसून मी बायकांची तोंडं बघत होते.

सोमवारच्या गाडीने येतेय. तुझ्याकडे नाही, तुला तोंड दाखवायची लाज वाटते. ठोक्याच्या दुकानात जाईन. काय बोलायचं ते सुचलेलं नाही. त्याने हाकललं तर पायरीवर बसेन. करार झालाय, उशीर झालाय, सगळं कळतंय मला. तरी येतेय.

लोभ उरला असेल तेवढाच ठेव. मागायचं तोंड नाही.

तुझी,
वन्सं

---

रविवार, ३० मार्च

ती. ताईस,
सलाम वि. वि.

जहाज काल गेलं. मी गेलो नाही. करार मोडल्याबद्दल जहाजवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्या जिरतील.

तू सोमवारी दारात दिसलीस तेव्हा मी ठरवलं होतं की देवाचं नाव काढलंस की शटर ओढून घ्यायचं. हात वरच होता. तू स्टुलावर बसलीस, पर्स मांडीवर धरून. मी चाव्या घासत राहिलो. तुला इतका वेळ गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, तुला बरं नाही.

मग तू विचारलंस की बाळ कुणासारखं होतं.

ताई, पाच महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पाळकांनी नाही, तू नाही, हिलाही धीर झाला नाही. सगळ्यांनी मला ते कुठे गेलं ते सांगितलं. ते कसं होतं, हे कुणाला नकोच होतं. मी तुला म्हटलं की कान आपल्या बाबांसारखे होते, थेट तसेच, बाहेर आलेले. आणि तू भोकाड पसरलंस. मीही. गिऱ्हाईक दारातून परत गेलं. तू मला माफ कर एवढंच म्हणालीस, आणि देवाचं काही नाही.

परवा गादी घरी आणली. देवळात येईन की नाही, माहीत नाही. विचारू नकोस. पण काल जेवताना हिने डोळे मिटले, नेहमीसारखी घाबरत, आणि मी ताटावरून उठलो नाही. तिने आमेन म्हटल्यावर पोळी वाढली आणि तुझं पत्र मला वाचायला दिलं. म्हणाली की वन्संना लिहा, मी रागावलेली आहे, पण प्रार्थना करायला हरकत नाही.

हे सभेत सांगू नकोस.

लोभ असू दे, पण हळू आवाजात.

तुझा,
ठोक्या